नवसागर : ओळख, हाताळणी आणि साठवण

महोत्सवाच्या अंकात न्यासाचा इतिहास असावा, देणगीदारांची नावे असावीत, वसतिगृहातल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी असाव्यात, हे योग्यच आहे. त्या पंगतीत एका पांढऱ्या भुकटीवरचा लेख आम्ही आणून बसवीत आहोत, ह्याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु आपल्या न्यासाच्या कुटुंबांतली मुले आज भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद अशा गावांतल्या शाळांतून विज्ञान शिकत आहेत. काही घरी अजूनही पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घेतात. बीदर शहरात तर बिदरीचे काम करणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. ह्या तिन्ही ठिकाणी नवसागर असतो. तो जहाल विष नाही, तो पेट घेत नाही, हाताला लागला तर भाजत नाही. म्हणूनच त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, आणि आमच्या मते त्याचा खरा धोका तोच आहे. जहाल वस्तूला आपण भितो व कुलपात ठेवतो. सौम्य वस्तू मात्र फडताळात, खिडकीत, मिठाच्या बरणीशेजारी कोठेही पडून राहते. अशा सौम्य द्रव्याला सांभाळायचे कसे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

नवसागर कोठे भेटतो

बीदरचे नाव देशोदेशी गेले ते बिदरीच्या कामामुळे. सुरई, पानदान, तबक, अत्तरदाणी अशा वस्तू जस्त व तांबे ह्यांच्या मिश्र धातूच्या ओततात. जस्ताचे सोळा भाग आणि तांब्याचा एक भाग असे प्रमाण सामान्यतः सांगितले जाते. ओतलेली वस्तू घासून गुळगुळीत झाली की कारागीर तिच्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतो. त्यामुळे अंग तात्पुरते काळसर होते आणि त्यावर काढलेली नक्षी नजरेला स्पष्ट दिसते. मग नक्षीच्या खाचा कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. पुन्हा घासले म्हणजे सारी वस्तू पांढुरकी होते; चांदी कोणती आणि जस्त कोणते, हे चटकन ओळखू येत नाही. शेवटच्या पायरीला बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात कालवतात. तो लेप गरम केलेल्या वस्तूला चोळतात, किंवा त्याच मिश्रणाच्या कढत्या पाण्यात वस्तू बुडवतात. पाहता पाहता धातू काळाभोर होतो आणि चांदी जशीच्या तशी शुभ्र राहते. नुसत्या जस्तावर हा काळा रंग चढत नाही. मिश्रणातले थोडेसे तांबेही त्यासाठी लागते. ह्या कलेला २००६ साली भौगोलिक निर्देशन मिळाले, आणि २०२३ साली बीदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी ह्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

दुसरी भेट कल्हईवाल्याच्या भट्टीवर होते. भांडे तापले की तो नवसागराची चिमूट आत टाकतो, कथलाचा तुकडा टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवतो. पांढऱ्या धुराचा एक लोट उठतो आणि भांडे आतून चांदीसारखे उजळते. नवसागर येथे धातूवरची काजळी व गंज खाऊन टाकतो, म्हणून कथील नीट धरते.

तिसरी भेट शाळेत. मीठ आणि नवसागर ह्यांचे मिश्रण वेगळे कसे करावे, हा प्रयोग नववीच्या मुलांच्या परिचयाचा आहे. बाष्पनपात्रात मिश्रण तापवतात, वर नरसाळे उपडे घालतात, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा बसवतात. मीठ खाली राहते, नवसागर वर जाऊन नरसाळ्याच्या थंड काचेवर पांढरा थर धरतो. ह्यालाच संप्लवन म्हणतात.

नवसागर म्हणजे काय

आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत नवसागराला नवसार आणि चूलिकालवण अशी नावे आहेत. विटांच्या भट्टीशी त्याचा संबंध फार जुना आहे. उर्दू बोलणारे कारागीर त्याला नौशादर म्हणतात. रसायनशास्त्रातले त्याचे नाव अमोनियम क्लोराइड. अमोनिया हा आम्लारी वायू आणि मिठाचे आम्ल, म्हणजेच हायड्रोक्लोरिक आम्ल, ह्यांच्या संयोगापासून हा क्षार होतो. फ्रान्समधील लेक्लांशे ह्याने १८६६ च्या सुमारास जो विजेचा घट बनवला, त्यातही नवसागराचेच पाणी होते. पुढे त्याच घटापासून आपल्या हातबत्तीतले कोरडे घट तयार झाले. खोकल्याच्या काही औषधांतही तो मोजक्या मात्रेत असतो. परंतु औषधातला नवसागर आणि प्रयोगशाळेच्या किंवा भट्टीच्या कामाचा नवसागर ह्यांत शुद्धतेचा फरक असतो. दुसरा कधीही पोटात घेऊ नये.

त्याचे चार गुण ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सर्व नियम आपोआप उमगतील. पहिला गुण असा की, तो पाण्यात सहज विरघळतो. २० अंश सेल्सिअस उष्णतामानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३७ ग्रॅम नवसागर विरघळतो, आणि विरघळताना पाणी गार पडते. दुसरा, त्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. म्हणून लोखंड, तांबे, पितळ ह्यांना तो ओल्या हवेत हळूहळू खातो. तिसरा, सुमारे ३३८ अंशांवर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड अशा दोन वायूंत विघटन होते. ते थंड झाले की पुन्हा एकत्र येऊन पांढरा धूर होतो. चौथा, कोणत्याही आम्लारीशी गाठ पडली की तो आपल्यातला अमोनिया सोडून देतो.

कारागिराला नवसागराचा जो गुण उपयोगी पडतो, तोच गुण कपाटात नुकसान करतो. धातूला झोंबणे हे बिदरीच्या कामात त्याचे कौशल्य आहे. प्रयोगशाळेतल्या पितळी तराजूशेजारी तेच त्याचे उपद्रव होय.

एक आठवण

आमच्या लहानपणची गोष्ट. आमचे घर भालकीकडच्या एका खेड्यात होते. दिवाळीच्या आधी कल्हईवाले चाचा येऊन अंगणात भट्टी लावून गेले. जाताना उरलेल्या नवसागराची एक पुडी त्यांनी आजीजवळ दिली. पुढल्या खेपेस उपयोगी पडेल, एवढाच हेतू. आजीने ती पुडी फडताळात मिठाच्या सटाजवळ ठेवली. पुडी साध्या वर्तमानपत्राची होती. तिच्यावर काही लिहिलेले नव्हते.

आठ-दहा दिवसांनी आमच्या धाकट्या बहिणीने ताकात मीठ म्हणून त्याच पुडीतली चिमूट घातली. दोन-तीन घोट घेतल्यावर तिने तोंड वाकडे केले, आणि थोड्या वेळाने तिला वांत्या सुरू झाल्या. बैलगाडीतून तिला तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोटात काय गेले आहे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणालाही खात्रीने देता येईना. आजी इतकी घाबरली होती की पुडी कोणाची आणि कधीची, हेच तिला आठवेना. काकू म्हणाली, तुरटी असेल. कोणी म्हणाले, धुण्याचा सोडा असेल. शेजारचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "उंदरांसाठी आणलेला सोमल तर नव्हे?" तो शब्द ऐकताच आईने हंबरडा फोडला. पुडी पाहून कोणीतरी कल्हईची आठवण काढली, तेव्हा वडील सायकल घेऊन चाचांच्या शोधात निघाले. दोन गावे पालथी घातल्यावर ते एका पारावर भेटले. वडिलांनी पुडी पुढे केली. "चाचा, हे काय आहे, सांगा." चाचांनी कागद उलगडला, बोटावर चार कण घेऊन पाहिले आणि म्हणाले, "मालक, हा नवसागर आहे. माझाच. सोमल नाही, भिऊ नका."

बहीण रात्रभर दवाखान्यात राहिली आणि दुसऱ्या दिवशी हसत घरी आली. नवसागराची ती चिमूट फारशी घातक नव्हती. घातक ठरली असती ती त्या पुडीवरची कोरी जागा. ते खरोखरच सोमल असते तर डॉक्टरांना उपचाराची दिशा वेगळी धरावी लागली असती, आणि नावावाचून ते चाचपडतच राहिले असते. त्या दिवसापासून आमच्या घरात नावाशिवाय कोणतीही पुडी ठेवली गेली नाही. पुढे आम्ही शिक्षक झालो, तेव्हा प्रयोगशाळेचे कपाट उघडताना दर वेळी आम्हांस तीच कोरी पुडी आठवत असे.

आमच्या अनुभवाने नवसागराच्या साठवणीचे चार नियम आहेत. नाव, बरणी, कोरडी जागा आणि शेजार. एकेक पाहू.

नाव

प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असावी, आणि ती झाकणावर नव्हे तर अंगावर चिकटवलेली असावी. झाकणे अदलाबदल होतात, बरणीचे अंग होत नाही. चिठ्ठीवर "नवसागर" आणि "अमोनियम क्लोराइड" ही दोन्ही नावे लिहावीत. आपल्या सीमाभागात विद्यार्थी मराठी, शिपाई कन्नड आणि कारागीर उर्दू वाचणारा, असे पुष्कळदा असते. तेव्हा मराठीबरोबर कन्नड लिपीतही नाव घालावे, आणि कारखान्यात उर्दूतही. त्याखाली "खाण्यासाठी नाही" हे ठळक असावे. आणल्याची तारीख आणि बरणी उघडल्याची तारीख लिहावी. शाई ओलाव्याने पसरते, शिसपेन्सिलीचे अक्षर टिकते. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली म्हणजे झाले. विकत आणलेल्या बाटलीवर लाल कडेच्या चौकोनात उद्गारचिन्ह असते. गिळल्यास अपायकारक आणि डोळ्यांना दाह करणारा, असा त्याचा अर्थ. द्रव्य दुसऱ्या बरणीत काढले तर ते चिन्हही नव्या चिठ्ठीवर काढावे.

अपुरे नाव हे खोट्या नावाइतकेच वाईट. "अमोनियम" एवढेच लिहून थांबू नये. अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम नायट्रेट ही दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी, दोन्हींच्या नावाचा आरंभ एकच. परंतु दुसऱ्याचा स्वभाव अगदी निराळा. लेबनॉनमधील बैरूत बंदराच्या वखारीत २,७५० टन अमोनियम नायट्रेट काही वर्षे दुर्लक्षित पडून होते. ४ ऑगस्ट २०२० रोजी तेथे आग लागून त्याचा स्फोट झाला, आणि २०० हून अधिक माणसे मेली. आपल्या शाळेच्या कपाटात टनांचा प्रश्न नाही, हे खरे. पण "पडून आहे, राहू द्या" ही वृत्ती ग्रॅमांच्या बाबतीतही तीच असते.

बरणी

नवसागर काचेच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवावा आणि झाकण प्लॅस्टिकचे, फिरकीचे असावे. पत्र्याचा डबा कटाक्षाने टाळावा. आम्ही ज्या शाळेत होतो तेथे एकदा बाटली फुटली म्हणून नवसागर चहाच्या रिकाम्या डब्यात भरला गेला. पावसाळा संपल्यावर डबा उघडला तो बुडाला तांबेरा चढलेला, आणि भुकटी पिवळट-तपकिरी झालेली. लोखंडाचा गंज तिच्यात उतरला होता. असा रंग बदललेला नवसागर प्रयोगाला घेऊ नये, कारण उत्तर चुकते आणि विद्यार्थी स्वतःला दोष देतो. हिरवट-निळसर छटा दिसली तर तांब्याचा अंश शिरला आहे, असे समजावे.

अन्नाच्या बरण्या, मुरंब्याच्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या ह्यांत कोणतेही रसायन भरू नये. लहान मूल अक्षर वाचत नाही, बाटलीचा आकार वाचते.

कोरडी जागा

तूर कणगीत भरण्यापूर्वी आपल्याकडे ती चांगली उन्हात वाळवतात. ओल राहिली तर वर्षाचे धान्य जाते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नवसागराचेही तसेच. हवेतली सापेक्ष आर्द्रता शेकडा ७७ च्या वर गेली की ३० अंशांच्या आसपास तो पाणी ओढू लागतो. उन्हाळ्यात कलबुर्गीकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, पण त्या उष्णतेने नवसागराचे काही बिघडत नाही. त्याचा शत्रू आषाढ-श्रावणातला दमटपणा होय. पावसाळ्यात कण ओले होतात, पाऊस ओसरला की वाळतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. बरणीत दगडासारखे ढेकूळ होते.

ढेकूळ झाले म्हणून द्रव्य वाया गेले असे नव्हे. ते जाड पिशवीत घालून लाकडी दांडक्याने हलक्या हाताने फोडावे. लोखंडी सळईने बरणीतच खुपसून फोडू नये. बरणी फुटते आणि काच हाताला लागते. ढेकूळ मुळात होऊ नये म्हणून बरणी भिंतीला टेकवून ठेवू नये, जमिनीवर ठेवू नये, मोरीजवळ किंवा खिडकीखाली ठेवू नये. एकदम पाच किलो आणून ठेवण्यापेक्षा वर्षाला पुरेल तेवढाच, अर्धा किलो, आणावा. मृगाच्या आधी कपाट एकदा रिकामे करून पुसावे, चिठ्ठ्या तपासाव्यात आणि नोंदवहीत शिल्लक मांडावी.

शेजार

बीदरमध्ये महमूद गवानाने १४७२ साली बांधलेला मदरसा सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या दर्शनी बाजूला दोन मनोरे होते. आज एकच उभा आहे. औरंगजेबाच्या काळात तेथे ठेवलेल्या तोफेच्या दारूचा स्फोट होऊन इमारतीचा तो भाग ढासळला, असे सांगतात. वीज पडल्याचीही कथा लोक सांगतात. काही असो, ग्रंथ ठेवण्याच्या जागी दारू ठेवली म्हणजे काय होते, ह्याची आठवण त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून आम्हांस नेहमी होते. वस्तू कोणाशेजारी ठेवली, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते.

नवसागराचा सर्वांत मोठा वैरी चुना. नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवून अमोनिया तयार करण्याचा प्रयोग शाळेत करतात, ह्यावरून हे ध्यानात येईल. ओलसर असतील तर न तापवताही थोडा अमोनिया सुटतो आणि नाका-डोळ्यांना झोंबतो. म्हणून घर रंगवण्याचा चुना, कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा आणि चुलीतली राखसुद्धा त्याच्यापासून दूर ठेवावी. तीव्र आम्लांशी गाठ पडल्यास हायड्रोजन क्लोराइड सुटतो. विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किंवा फरशी पुसण्याचे तत्सम द्रव त्यात मिसळल्यास क्लोरामीन नावाचे घातक वायू होतात. नायट्राइट, नायट्रेट आणि क्लोरेट ह्या वर्गातल्या क्षारांसाठी कपाटाचा कप्पाच निराळा असावा. त्यांच्याशी मिसळून तापल्यास स्फोटाचा संभव असतो.

बिदरीच्या कामात नवसागर आणि मोरचूद एकाच खोलीत असतात. मोरचूद निळा असल्याने ओळखायला सोपा, पण तो नवसागराहून अधिक अपायकारक आहे. डोळ्यांना आणि पाण्यातल्या जिवांना तर फारच. दोहोंच्या बरण्या आणि चमचे वेगवेगळे असावेत. प्रयोगशाळेत पितळी वजने, तराजू, सूक्ष्मदर्शक आणि विजेची उपकरणे नवसागराच्या कपाटात ठेवू नयेत.

हाताळताना

बरणी उघडण्यापूर्वी चिठ्ठी वाचावी. रंग पाहून किंवा चव घेऊन द्रव्य ओळखण्याची सवय मुलांना मुळीच लागू देऊ नये. कोरड्या प्लॅस्टिकच्या किंवा चिनी मातीच्या चमच्याने लागेल तेवढेच घ्यावे. उरलेले परत बरणीत टाकू नये. भुकटी उंचावरून ओतू नये, फुंकर मारू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि अधिक प्रमाणात काम असेल तर नाकातोंडावर मुखपट्टी असावी.

तापवण्याचे काम मोकळ्या हवेत किंवा दोन्ही खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत करावे. संप्लवनाच्या प्रयोगाला चिमूटभर नवसागर पुरतो. नरसाळ्याच्या नळीत कापूस सैलसर असावा. भांडे कधीही घट्ट बंद करून तापवू नये. कल्हईची भट्टी अंगणात असते, तेव्हा धूर उडून जातो. परंतु बिदरीचा कारागीर वर्षानुवर्षे एका लहान खोलीत बसतो, आणि पांढऱ्या धुराने त्याचा घसा व छाती धरते. त्या खोलीला समोरासमोर झरोके असणे आणि धूर बाहेर ओढणारा पंखा असणे ही चैन नव्हे. एका खोलीचा असा खर्च आपल्यासारख्या न्यासाने उचलला तर तो शिष्यवृत्तीइतकाच सत्कारणी लागेल, असे आम्हांस वाटते.

सांडल्यास आधी ओलसर फडक्याने टिपावे, मग साध्या पाण्याने पुसावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. थोडासा टाकाऊ नवसागर भरपूर पाण्यात विरघळवून सांडपाण्याच्या नळात सोडता येतो. मोरचुदाचे पाणी मात्र तसे सोडू नये. दोन्हींपैकी काहीही विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात टाकू नये. बीदर जांभ्या दगडावर वसले आहे. नौबादच्या करेजमधून आपल्या पूर्वजांनी जमिनीखालून पाणी खेळवले ते त्याच दगडातून. वर टाकलेले खाली झिरपते, हे त्यांना ठाऊक होते. आपणही विसरू नये.

अपघात झाल्यास

डोळ्यात गेल्यास पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे. डोळा चोळू नये. जळजळ राहिली तर डॉक्टरांस दाखवावे. त्वचेला लागल्यास साबण-पाण्याने धुवावे. धूर छातीत गेल्यास माणसाला मोकळ्या हवेत बसवावे; धाप लागल्यास दवाखान्यात न्यावे. पोटात गेल्यास तोंड खळखळून धुवावे, शुद्धीवर असल्यास थोडे पाणी पाजावे, मुद्दाम वांती करवू नये, आणि डॉक्टरांकडे जावे. जाताना बरणी किंवा तिची चिठ्ठी बरोबर घ्यावी. दुकानदाराकडून प्रत्येक रसायनाचे सुरक्षा-माहितीपत्रक मागून घ्यावे. त्यात सोळा भाग असतात, त्यांतला चौथा प्रथमोपचाराचा आणि सातवा हाताळणी व साठवणीचा. ते पत्रक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले असावे.

शेवटी एक विनंती

वाचकहो, हा अंक घरी नेल्यावर एक काम करावे. आपले फडताळ, माळा, देवघरामागचा कोनाडा एकदा उघडून पाहावा. कापराची, तुरटीची, सोड्याची, उंदरांच्या औषधाची, शेतातल्या फवारणीची एखादी कोरी पुडी किंवा बाटली सापडेलच. ती कशाची आहे हे घरातल्या कोणाला खात्रीने माहीत असेल, तर आजच तिच्यावर नाव लिहावे. नसेल, तर ती वापरू नये, चुलीत टाकू नये, मोरीत ओतू नये. मुलांपासून दूर बंद करून ठेवावी आणि जाणत्या माणसास दाखवून तिची वाट लावावी. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी पालक-सभेस गेल्यावर प्रयोगशाळेचे कपाट पाहण्याची परवानगी मागावी. शिक्षकांना त्याचा राग येणार नाही. कोणी पाहणारे आहे, ह्याचा त्यांस आधारच वाटेल.

आमची बहीण आज आजी झाली आहे. तिच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवरसुद्धा "मीठ" असे लिहिलेले आहे. नातवंडे हसतात. ती त्यांना हसू देते.

मुलांसाठी प्रश्न

१. नवसागर पत्र्याच्या डब्यात का ठेवू नये?
२. कल्हईच्या वेळी उठणारा पांढरा धूर कशाचा असतो?
३. घर रंगवण्याचा चुना आणि नवसागर एका कपाटात ठेवल्यास काय होईल?
४. पावसाळ्यानंतर नवसागराचे ढेकूळ झालेले दिसले, तर ते टाकून द्यावे काय? कारण सांगा.
५. मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली एका पेल्यातल्या पाण्यात चमचाभर नवसागर विरघळवा व पेल्याला बाहेरून हात लावून पाहा. काय जाणवले, ते वहीत लिहा. मग पाणी ओतून द्या, पेला व हात स्वच्छ धुवा, आणि तो पेला पिण्यासाठी वापरू नका.
६. आपल्या घरातल्या नाव नसलेल्या पुड्यांची व बाटल्यांची यादी करा आणि ती वडीलधाऱ्यांस दाखवा.